मुका डबा

तळ्यावर धुकं असलं की होडी पुढे चाललीय की एकाच जागी डुलतेय, काही कळायचं नाही. नर्सबाईंना तेच आवडायचं. लसीचा डबा मांडीवर घेऊन त्या बसायच्या आणि पलीकडचा काठ येईपर्यंत अर्ध्या झोपेत असायच्या. डब्यात बाटल्यांभोवती आईसपॅक. ते आधी बाहेर काढून थोडे वितळू द्यायचे, कानाशी धरून हलवायचे आणि आत पाणी खळखळलं की मगच भरायचे, असा नियम. त्यामुळे वल्ह्याच्या झोक्यासरशी डबा मांडीवर खळखळत राहायचा.

वल्ही नकोबाच्या हातात. गावाने ठेवलेलं नाव ते. पाणी विचारलं तरी म्हातारा आधी ‘नको’ म्हणायचा, मग घटाघटा प्यायचा. लसीला मात्र त्याचं नको म्हणजे नकोच. त्याच्या लेकीला लहानपणी सुई दिली होती, तरी घटसर्पाने तिचा घसा आवळला आणि ती गेली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा तर ताकाच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता. त्याचं ऐकून निम्मी वस्ती दारं लावून घ्यायची.

पण नात झाली, सून हट्टाला पेटली, आणि नर्सबाईंनीही चिकाटी सोडली नाही. आज होडी सोडताना नकोबा आपणहून म्हणाला होता, "आज पोरीला घेऊन बसतो. एकदा बघतो देऊन. पण यावेळीही पाणीच निघालं ना बाई, तर पुन्हा माझ्या दारात यायचं नाही."

त्या आनंदातच त्यांचा डोळा लागला. स्वप्नात बाटलीच्या आत एक गाव होतं आणि त्यावर बर्फ पडत होता. कौलं पांढरी होत होती, अंगणं पांढरी होत होती, आणि एकाही घरातून मूल रडल्याचा आवाज येत नव्हता. त्या दारं ठोठावत होत्या, पण ठोठावण्यालाही आवाज नव्हता.

त्या दचकून जाग्या झाल्या. होडी डुलत होती. डबा गप्प होता.

त्यांनी डबा कानाशी धरून हलवला, खळखळ नाहीच. सकाळी वेणी घालताना सासूबाई बाहेरून काहीतरी म्हणाल्या होत्या. घाईत नुसतं ‘हो’ म्हटलं होतं, ते आता ऐकू आलं. "अगं, तुझे बर्फ पार पाणी झालेत! मी फ्रीजरमधले कडक घातलेत हो. लेकरांचं औषध, थंडगार राहू दे." राहायला दवाखान्याच्या मागच्याच खोल्या, आणि सासूबाईंचा जीव सुनेच्या कामात सुनेपेक्षा जास्त. रागवायचं तरी कसं, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

शाळेच्या ओट्यावर डबा उघडला तर बाटल्या गोठल्या होत्या. एक बाटली तळहातात धरली. हळूहळू औषध पुन्हा दुधाळ, शहाण्यासारखं दिसू लागलं. हलवून उन्हासमोर धरली तेव्हा बारीक कणी सुटली आणि संथपणे तळाशी उतरत गेली. स्वप्नातला बर्फ तो हाच. एकदा गोठलं की या औषधातला जीव जातो. उरतं ते दिसायला औषध, टोचल्यावर दुखणारं, आणि उपयोग शून्य.

समोर नकोबा नातीला मांडीवर घेऊन बसला होता. मागे बायका, त्याच्याकडे बघत. टोचलं असतं तर कोणालाही कळलं नसतं. परत पाठवलं, तर हा पुन्हा येणार नव्हता, आणि याच्यामागची घरंही.

नर्सबाई त्याच्याजवळ खाली बसल्या. "बाबा, आज नाही देता येत. औषध गोठलं. चूक आमच्याच घरची. आज यात पाण्याइतकीही ताकद नाही."

तो हसला नाही, चिडलाही नाही. बाटली मागून घेतली, हलवली आणि कणी तळाशी बसेपर्यंत बघत राहिला.

"असं गोठलेलं," तो म्हणाला, "कळत नाही कोणाला?"

"बघितलं नाही तर नाही कळत."

"म्हणजे माझ्या लेकीलाही..."

"माहीत नाही, बाबा. असूही शकतं."

नकोबाने बाटली परत दिली. "बाई, माझी म्हातारी मरेपर्यंत म्हणत होती, माझ्या दुधातच कस नव्हता." आणि तो सगळ्यांदेखत रडला.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आईसपॅकचा नियम दोनदा विचारून घेतला. सकाळी सुनेच्या आधी उठून एकेक आईसपॅक कानाशी धरत होत्या. "थांब गं, हा अजून बोलत नाही. घाई कसली तुला?"

होडी लागेल की नाही, या धाकधुकीत नर्सबाई काठावर आल्या. धुक्यातून आधी रडणं ऐकू आलं, मग होडी दिसली. नकोबा नातीला घेऊनच आला होता. तळ्याच्या मध्यावर त्याने वल्ही थांबवली. सगळीकडे पांढरं, शांत. डबा खळखळत होता. ते ऐकून मगच त्याने होडी पुढे काढली.

ओट्यावर सुई भरून झाली. नर्सबाईंनी विचारलं, "मी धरू का तिला?"

"नको," नकोबा म्हणाला आणि नातीचं दुपटं बाजूला केलं. "मीच धरतो."