अकरा घरांचा डब्बा

बाभुळगावात बुद्धविहाराच्या मागे एक गल्ली आहे. तिच्यातल्या अकरा घरांचं इंटरनेट बाराव्या घरातून जातं, असं गल्लीत सगळेच धरून चालत. बारावं घर उकंडा नगराळे यांचं. त्यांच्या पुढच्या खोलीत दाराच्या वर एक करडा लोखंडी डब्बा होता. त्यात हिरवे दिवे लुकलुकत आणि एक लहान पंखा सारखा घरघरत असे.

हा डब्बा केबलवाल्या संघदीप मूननं नऊ वर्षांपूर्वी बसवला होता. तेव्हा त्याचा धंदा नवा होता आणि डब्ब्याला कोणी जागा देत नव्हतं. कोणी म्हणालं वीज लागेल, कोणी म्हणालं भिंत खराब होईल, एकानं कारण न सांगताच दार लावून घेतलं. नगराळे त्या वेळी एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक होते. त्यांनी फक्त डब्ब्याचं वजन विचारलं आणि चढायला स्टूल आणून दिलं. बदल्यात संघदीपनं त्यांना जन्मभराचं फुकट कनेक्शन दिलं. आता नगराळे निवृत्त होते. रोज सकाळी मऊ फडक्यानं ते डब्बा पुसत. वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी डब्बा चाले, मग उरलं तर घरातला पंखा.

अडचण त्यांच्या सुनेची होती. प्रियंकाला घरून करायचं एक काम मिळत होतं. कुठल्या कुठल्या गावांतली मुलं आपापल्या घरी बसून परीक्षा देतात, त्यांच्यावर कॅमेऱ्यातून नजर ठेवायची. सोमवारी दोन तासांची चाचणी होती. मधेच लाइन तुटली तर काम दुसऱ्या कोणाला जाणार होतं. आणि नगराळ्यांच्या घरातली लाइन दिवसातून चारदा तुटत होती.

प्रियंकाला एका गोष्टीचं कोडं पडलं होतं. समोरच्या रुक्माबाईंकडे ती कढीपत्ता मागायला म्हणून जाई आणि जाता जाता मोबाइलवर नेटचा वेग पाही. तिथे नेट धावत असे. तेच घरी येऊन डब्ब्याच्या थेट खाली उभी राहिली, तर रखडत असे. जिथून निघतं तिथंच कमी कसं?

शुक्रवारी रात्री जेवताना तिनं विचारलंच.

"बाबा, डब्बा आपल्या घरात. मंग नेट आपलंच काहून जाते?"

नगराळ्यांनी घास थांबवून विचार केला. "विहारात भोजनदान राह्यलं का वाढणारे कवा जेवते? शेवटी. तसंच असन काहीतरी."

"नऊ वर्षं झाले," सासू सत्यशीलाबाई म्हणाल्या, "तुमचा डब्बा अजून वाढूनच राह्यला. जेवन कवा?"

"संघदीपभाऊले एक फोन करू?" प्रियंका म्हणाली.

"नाही." नगराळ्यांचा आवाज चढला नाही, पण बदलला. "फुकटाचं घेतो अन् वरून तक्रार करतो? तसं नाही करत."

प्रियंकानं खरं म्हणजे एकदा गुपचूप फोन केला होता. संघदीपच्या ऑफिसातल्या मुलीनं ग्राहक नंबर विचारला. नंबर नव्हता. "मग तुमचं कनेक्शन आमच्याकडे नाहीच," असं म्हणून तिनं फोन ठेवला. हे प्रियंकानं घरात सांगितलं नाही. सांगितलं ते वेगळंच. तिनं एका नव्या कंपनीकडे नाव नोंदवलं होतं आणि त्यांचा माणूस उद्या सकाळी यवतमाळहून येणार होता.

"डब्बेवाल्याच्याच घरात दुसऱ्याची तार?" नगराळे म्हणाले. "गल्ली काय म्हणन?"

"म्हणू द्या," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "पोरीचं काम गेलं तर गल्ली येते का दुसरं शोधून द्याले?"

प्रियंकाचा नवरा राजदीप यवतमाळच्या औषध दुकानातून नुकताच आला होता. त्यानं ताटातून डोकं वर काढलं नाही. शेवटी नगराळे कबूल झाले, पण एका अटीवर. डब्ब्याला हात लागता कामा नये.

शनिवारी आलेल्या माणसाचं नाव अनिकेत. तो भराभर काम करणारा होता. खांबावरून तार आणून त्यानं ती खिडकीपर्यंत पोचवली आणि मग खोलीभर नजर फिरवली.

"वीज गेल्यावरही नेट पाहिजे ना, मॅडम? मग राउटर इन्व्हर्टरवर घ्यावा लागेल. इथं एकच पॉइंट आहे आणि त्यावर हा डब्बा आहे. मी शेजारी दुसरा पॉइंट काढून देतो. अर्धा तास डब्बा बंद ठेवावा लागेल."

"अकरा घरं आहे याच्यावर," नगराळे म्हणाले.

"अर्धाच तास, काका."

"अर्धा तास तुह्यासाठी. त्याईले सांगतलं पाह्यजे ना."

त्यांनी चपला घातल्या आणि गल्लीत निघाले. दारोदार जाऊन एकच वाक्य सांगितलं. अकरा वाजता नेट अर्धा तास बंद राहील, काही महत्त्वाचं असेल तर आत्ताच उरकून घ्या. लोकांनी माना हलवल्या. रुक्माबाई तेवढ्या अडल्या.

"भाऊजी, माही सिरियल अर्धी राह्यली. ते नवऱ्याले सोडते का नाही, तेच पाहाचं होतं."

"अर्ध्या तासात नाही सोडत ते. मंग पाह्यजा."

टोकाच्या घरातली निकिता पोलीस भरतीचा सराव पेपर सोडवत बसली होती. तिनं थोडा वेळ मागितला, म्हणून सगळंच पंधरा मिनिटं पुढे गेलं. अनिकेत चहा पीत बसून राहिला.

सव्वाअकराला नगराळ्यांनी स्वतःच्या हातानं बटण दाबलं. दिवे विझले, पंखा थांबला. ते दारात खुर्ची टाकून बसले. कोणी ओरडत आलं तर काय सांगायचं, ते त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं.

कोणी आलं नाही.

आत प्रियंकाच्या मोबाइलवरचं नेट गेलं होतं. बाहेर गल्लीत मात्र काहीच बदललं नव्हतं. थोड्या वेळानं समोरून रुक्माबाईंच्या टीव्हीचा आवाज आला. बाई रडत होती आणि मागे जोरजोरात संगीत वाजत होतं. नगराळे उठले.

"रुक्माबाई, हे कसं काय चालू आहे?"

"तुम्हीच ठेवलं ना चालू? म्या म्हटलं, भाऊजीनं माह्यासाठी थांबवलं."

"डब्बा बंद आहे."

"असन," टीव्हीवरची नजर न काढता रुक्माबाई म्हणाल्या. "सोडलं हो तिनं. सोडलं एकदाचं."

नगराळे पुढच्या घरी गेले. तिथं मुलगा मोबाइलवर क्रिकेट पाहत होता. त्यापुढच्या घरात कोणीतरी नागपूरच्या बहिणीशी व्हिडिओवर बोलत होतं, त्या बहिणीनं नगराळ्यांना हात जोडून जयभीम केला. चौथ्या घरापासून त्यांनी विचारणं सोडलं. नुसतं दारातून आत पाहायचं आणि पुढे जायचं. निकितानं तर त्यांचे आभार मानले. "काका, बंद झालेलं कळलंबी नाही!"

ते परत आले तेव्हा प्रियंका उंबऱ्यात उभी होती.

"किती घरायचं गेलं, बाबा?"

"एकाचं."

"कोणाचं?"

नगराळ्यांनी आपल्याच दाराकडे बोट दाखवलं.

संघदीपला फोन नगराळ्यांनीच लावला. तो मोटरसायकलवरून आला, उंबऱ्यात चपला काढल्या, "जयभीम काका" म्हणाला आणि मग त्याला अनिकेतच्या हातातलं दुसऱ्या कंपनीच्या तारेचं वेटोळं दिसलं. तो तसाच उभा राहिला.

"बस," नगराळे म्हणाले. "ते मागून. पहिले हे सांग. डब्बा बंद आहे अन् गल्ली चालू आहे. कशी?"

संघदीपनं डब्ब्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "काका, मागच्याच्या मागच्या दिवाळीत आपण गल्लीत फायबर टाकलं ना?"

"टाकलं. तुह्या पोरायले म्याच चहा पाजला."

"तवा तुमच्याच गच्चीवर एक लहान पांढरी डबी लावली. फायबर तिच्यात येते अन् तिथून अकरा घरी जाते. तिले लाईट लागत नाही."

"मंग हा डब्बा?"

"हा तुमच्यासाठी चालू आहे. जुन्या तारेवर आता तुमचंच एक घर राह्यलं."

मग सत्यशीलाबाईंना हसू फुटलं, आणि त्यात राग किती होता ते सांगणं कठीण होतं. "उन्हाळ्यात लाईट गेली का हे म्हणत, पंखा बंद करा, डब्ब्याले पुरलं पाह्यजे, लोकायचं नेट जाईन. माह्या पाठीवर घामोळ्या फुटल्या रे बाप्पा. अन् डब्बा आपल्याच घरचा!"

"आमचं काहून नाही बदललं?" प्रियंकानं विचारलं.

"वहिनी, ज्याचा ग्राहक नंबर त्याच्याकडे माणूस जाते. तुमचं फुकट. त्याले नंबरच नाही. पोरं आले अन् अकरा घरं करून गेले."

"तुले माहीत नव्हतं?" नगराळे म्हणाले.

"मागून कळलं."

"मंग सांगाचं ना."

"कसं सांगू, काका?" संघदीपचा आवाज पहिल्यांदा वर गेला. "तुम्ही विहारात भेटले का पहिले तेच विचारता. डब्बा बरा आहे ना रे? गरम होते, पंखा बदलू का? आता त्याच्यावर कोणीच नाही, हे तुम्हाले कोणत्या तोंडानं सांगू?"

अनिकेत इतका वेळ खिडकीपाशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "मॅडम, तार जोडू की गुंडाळू?"

"मी आत्ता फायबर आत घेतो," संघदीप घाईनं म्हणाला. "गच्चीवरून खाली आणाचं, एवढंच काम. फुकटच राहीन, जसं आहे तसं."

प्रियंकानं दोघांना एकच प्रश्न विचारला. "सोमवारी भर परीक्षेत नेट गेलं, तर कोण येईन?"

"ॲपवर तक्रार टाकायची," अनिकेत म्हणाला. "माणूस यवतमाळहून येतो. त्याच दिवशी येईल असं मी खोटं सांगणार नाही. पण आमची लाइन सहसा जात नाही."

"मी इथंच राह्यतो, वहिनी. हाक मारा."

"इथंच राह्यत होते ना भाऊ? तरी दीड वर्ष आमचं नेट जाऊन राह्यलं."

"तुम्ही एकदा तरी सांगतलं का?"

"बाबा सांगू देत नव्हते. फुकटाचं आहे म्हणून."

सगळ्यांनी नगराळ्यांकडे पाहिलं. ते संघदीपकडे पाहत होते. दोघं रोज भेटत होते, एकमेकांची खुशाली विचारत होते, आणि दीड वर्ष दोघांनीही नेमकी हीच गोष्ट टाळली होती.

"मले नका विचारू," नगराळे शेवटी म्हणाले. "काम तिचं आहे. ते म्हणन तसं."

प्रियंकानं थोडा विचार केला. रुक्माबाईंच्या घरी संघदीपचंच फायबर होतं आणि ते तिनं कितीतरी वेळा पाहिलं होतं. नव्या कंपनीचं अजून काहीच पाहिलं नव्हतं.

"भाऊ, तुमचं फायबर घेतो. पण फुकट नाही. गल्लीत सगळे देते तेवढं बिल आम्हीबी देऊ. नंबर पाह्यजे. तीन महिने पाहीन. नाही जमलं तर यांना बोलावीन." तिनं अनिकेतचा मोबाइल नंबर मागून घेतला. अनिकेतनं तो दिला आणि न कुरकुरता तार गुंडाळायला घेतली.

"काकाच्या घरचं बिल घेऊ?" संघदीप म्हणाला. "लोक काय म्हणन, वहिनी?"

"लोकायले डब्बा बंद झालेला कळला नाही," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "बिल कुठून कळते?"

फायबर खाली आणायला संघदीप गच्चीवर गेला, तेव्हा नगराळेही मागोमाग गेले. कठड्याच्या आतल्या बाजूला ती पांढरी डबी होती. जेवणाच्या डब्याएवढी. तिच्याजवळून ते रोज ये-जा करत होते.

"हिले पंखा नाही?"

"नाही."

"पुसावं लागते?"

"हात नाही लावाचा, काका. काहीच नाही कराचं."

नगराळ्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

सोमवारची चाचणी झाली. दोन तास खोलीचं दार बंद होतं आणि बाहेर सत्यशीलाबाईंनी कोणाला भांडंसुद्धा आपटू दिलं नाही. लाइन एकदाही तुटली नाही. संध्याकाळी परीक्षा घेणाऱ्या कंपनीचा निरोप आला, पुढच्या आठवड्यापासून कामावर या. करडा डब्बा संघदीप घेऊन गेला. भिंतीवर खिळ्यांची चार भोकं राहिली, ती राजदीपनं चुन्यानं बुजवली.

पुढे एका दुपारी नेट रेंगाळलं. प्रियंकाच्या स्क्रीनवर गोल चक्र फिरायला लागलं. तिनं मोबाइलकडे हात नेला, तोवर नगराळ्यांनी आपला फोन कानाला लावलेलाही होता. ऑफिसातल्या मुलीनं ग्राहक नंबर विचारला. त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला.

"बोला काका, काय तक्रार आहे?"

"तक्रार असी आहे," नगराळे खुर्चीत नीट सरसावून बसत म्हणाले, "का तुमचं नेट बरोबर चालून नाही राह्यलं. महिन्याच्या महिन्याले बिल भरतो आम्ही. माणूस कवा धाडता? अन् संघदीपले सांगजा, आमच्याकडे दुसऱ्या कंपनीचा नंबर आहे."

"बाबा," प्रियंका हळूच म्हणाली, "आलं नेट."

नगराळ्यांनी फोनवर तळवा धरला.

"थांब ना वं," ते म्हणाले. "आत्ता कुठं सुरू केलं."