रंगाचा जोगवा

मी डबा बोलतोय. पत्र्याचा, मध्यम अंगाचा, वनस्पती तुपाचा. अंगावरचं चित्र केव्हाच पुसून गेलंय. कडेला दोन भोकं पाडून तारेची मूठ केलीय. आत डोकावलात तर तळाशी एक वाळका थर दिसेल. त्या रंगाला काय म्हणायचं, हे अजून कुणाला ठरवता आलेलं नाही. त्याचीच हकिकत सांगायची आहे.

मुंबईच्या एका कारखान्यात मला ठोकून गोल केलं, आत पातळ तूप ओतलं आणि वरून झाकण डाख देऊन बंद केलं. पोटात काय आहे ते ठाऊक, बाहेर काय आहे ते दिसेना! तेव्हापासून मला चौकसपणाची जी खोड लागली ती लागलीच.

झाकण उघडलं ते पिंपरीत, इंद्रायणीच्या घरी. तिचा नवरा रंगराव बार्शीकडचा. मुंबई रस्त्याला औषधांचा नवा कारखाना उभा राहत होता, तिथं नळ रंगवायच्या कामावर तो लागला होता. गावठाणातल्या एका चाळीत दोघांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. तूप संपल्यावर इंद्रायणीनं मला राखेनं घासलं, उन्हात पालथं घातलं आणि फळीवर चढवलं. तिथून मला घर दिसू लागलं.

इंद्रायणी म्हणजे व्रतांची बाई. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, शिवाय चतुर्थी आणि एकादशी. मोकळा म्हणावा असा एक बुधवार होता, तोही तिसऱ्यांदा दिवस राहिल्यावर तिनं देवाला देऊन टाकला. तिची पहिली दोन बाळं राहिली नव्हती. पहिलं नऊ दिवसांचं. दुसरं तर बारशाच्या आदल्या दिवशी गेलं. पाळणा टांगलेला, कुंची शिवून घडी करून ठेवलेली. दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली होती, म्हणून या वेळी ती गेली नाही. आणि एक नेम तिनं मनाशी पक्का केला, की बाळासाठी आधी काही म्हणजे काही करायचं नाही. झबलं नको, दुपटं नको, पाळण्याचं तर नावच नको.

अशात एक दिवस रंगराव कामावरून आला तो हसतच.

"आज नळ नाही रंगवले. परदेशी साहेबाच्या बंगल्यावर धाडलं होतं. बाळासाठी अख्खी खोली, इंद्रायणी! चारी भिंती फिकट पिवळ्या. वरच्या कडेनं ससे काढून घेतले माझ्याकडून. एकोणतीस ससे!"

"केवढं आहे बाळ?"

"अजून व्हायचंय."

तिनं तोंडावर हात ठेवला. "आणि कुणी काही म्हणालं नाही?"

"कोण म्हणणार? बाई स्वतः खुर्ची टाकून बसली होती. हा कान मोठा झाला, त्याचं शेपूट बारीक कर, असं चाललं होतं तिचं."

मला फळीवर गंमत वाटत राहिली. माणसं एकच, बाळं एकाच तऱ्हेनं येतात, पण कुणी भिंतीवर ससे काढून त्याची वाट बघतं आणि कुणी वाट बघतोय हेसुद्धा लपवून ठेवतं.

रंगरावाच्या डोक्यात मात्र ते पक्कं बसलं. आतल्या खोलीचे पोपडे सुटले होते, चुलीच्या धुरानं भिंती काळ्या पडल्या होत्या. "तिथं बाळंतपण करायचं? मी रंगारी असून?" तो म्हणायचा. इंद्रायणी मान हलवून नको म्हणायची, पण तिलाही राहवेना.

"कारखान्यात कसले कसले रंग असतात हो?" एकदा तिनं पोळ्या लाटता लाटता विचारलं.

"हिरवा म्हणजे पाणी. निळा म्हणजे हवा. लाल नळ आगीच्या वेळचा."

"आणि पिवळा?"

"पिवळा म्हणजे जपून. आत काहीतरी धोक्याचं आहे."

"अगंबाई! मग साहेबाच्या बाळाला पिवळा कसा दिलात?"

रंगराव पोळी मोडत तसाच बसला.

दोन दिवस इंद्रायणी आतल्या भिंतींकडे बघत राहिली. शुक्रवारी नाहून, कुंकू लावून तिनं मला फळीवरून खाली घेतलं. "रंग लावायचा," ती म्हणाली, "पण आपला नाही. आई भवानीचा जोगवा मागायचा. पाच लेकुरवाळ्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या भिंतीला लावून उरला असेल तो रंग. आपण आणलं तर दृष्ट लागेल. मागून आणलेल्याला कशी लागेल?" पाच घरचं धान्य मागून, एकत्र शिजवून त्याचा नैवेद्य करायचा, ही रीत तिच्या माहेरची. तिनं धान्याच्या जागी रंग घातला, एवढंच.

गावातली सुईण ठकुबाई दारातच भेटली. तिनं मला बघितलं आणि कपाळाला हात लावला. "खोट्या तुपाच्या डब्यात द्येवीचा जोगवा?"

मला अगदी पोचा पडल्यासारखं झालं.

"परडीतून रंग गळेल हो, ठकूमावशी."

"गळंल, ते बी खरंच म्हणा. चल, मी येते संगं. अशा दिसांत येकली हिंडू नगं."

असे निघालो. स्टेशनाकडच्या गँगमनच्या घरी दाराच्या चौकटीची तांबडी काव मिळाली. पवना नदीकाठच्या माळ्याच्या सुनेनं भिंतीची पिवळी पिवडी दिली. तिसरं घर निर्वासितांच्या छावणीत. त्या सिंधी बाईला जोगवा म्हणजे काय ते कळेना. मग ठकुबाईनं दोन्ही हातांनी पाळणा हलवून दाखवला, इंद्रायणीकडे बोट केलं, दोन बोटं वर करून मान हलवली. ती बाई आत गेली आणि दाराला लावून उरलेला हिरवा तेलरंग तिनं डब्यासकट आणून माझ्यात उपडा केला. चौथ्या घरी मास्तरांच्या बायकोनं निळीचं पाणी ओतलं. चार घरचे चार रंग पोटात घेऊन मी डुचमळत चाललो होतो. काय होणार आहे माझं, याची मला भारी उत्सुकता लागून राहिली होती.

पाचवं घर चाळीतलंच, यशोदाबाईचं. पाच लेकरं, पाचही ठणठणीत. गेल्याच आठवड्यात तिनं घराला गुलाबी रंग दिला होता.

"जोगवा वाढा, यशोदाबाई. रंगाचा."

यशोदाबाईनं पदर सावरला. "संपला गं रंग."

तिच्यामागं दाराआड अर्धी बादली गुलाबी रंग होता. मी पाहिला. इंद्रायणीनंही पाहिला. "बरं," म्हणून ती वळली. पाठीमागं यशोदाबाई सासूला दबक्या आवाजात सांगत होती, "दोन गेलीत तिची. आपल्या घरातलं तिकडं गेलं आणि माझ्या पोरांना काही झालं म्हणजे?"

चार म्हणजे काही पाच नव्हेत. आणि पाचव्या दारी हात पसरल्यावर ते टाळून सहावं दार करायचं नाही, असा नेम. मी आतल्या खोलीच्या कोपऱ्यात तसाच बसून राहिलो. काव तळाशी बसली, तेलरंगावर साय धरली. इंद्रायणीचे दिवस भरत आले. ती भिंतीकडे पाठ करून निजायला लागली.

"मी कारखान्यातून थोडा आणतो," रंगराव चाचरत म्हणाला. "पाचव्या घरचा म्हणून ओत."

"देवीला नळाचा रंग खपवायचा?"

तो बिचारा पायताण घालून बाहेरच गेला.

मंगळवारी सकाळी ठकुबाई इंद्रायणीचं पोट बघायला आली. बघून झाल्यावर ती कोपऱ्यात आली, काही न बोलता तिनं माझी मूठ धरली आणि मला घेऊन तरातरा जाऊन यशोदाबाईच्या दारात उभी राहिली.

"यशोदे, तुजी पाची पोरं कुणाच्या हातावर आली?"

"तुमच्याच, मावशी."

"तुज्या थोरल्याच्या वक्ताला मी कुटनं आले व्हते, ठावं हाय? ज्या घरचं मूल पोटातच गेलं, तितनं. हात धुतले आन् सरळ तुज्याकडं आले. ह्येच हात. तुजं काय सांडलं त्यात?"

थोरला तेवढ्यात पाटीवर काहीतरी खरडून दाखवायला आला, त्याला यशोदाबाईनं पोटाशी धरलं. मग बादली उचलून ती आमच्या मागोमाग आली आणि स्वतःच्या हातानं तिनं माझ्यात गुलाबी रंग ओतला. थोडा माझ्या अंगावर सांडला.

"मी भ्याले होते गं, इंद्रायणी."

"मीही भ्यालेलीच आहे, यशोदाबाई," इंद्रायणी म्हणाली आणि तिला बसायला पाट दिला.

आता रंगरावाचा जीव खालीवर व्हायला लागला. "ढवळू नकोस. थर बसलेत तसे वरून एकेक उपसून पाच पट्टे मारतो, झकास दिसतील. रंगाऱ्याचं ऐक. त्यात तो हिरवा तेलाचा, चुन्यात फाटेल."

"जोगव्याचं धान्य वेगवेगळं शिजवतात का?"

घरमालकानं दिलेल्या चुन्याच्या बादलीत तिनं मला उपडं केलं आणि काठी घेऊन ढवळायला बसली. सगळ्यांच्या माना बादलीवर. काव आणि नीळ एकमेकांत शिरली, पिवडी दिसेनाशी झाली, गुलाबी बुडाला. हिरव्याचे बारीक बारीक कण तेवढे तरंगत राहिले. आणि वर आला तो रंग... आषाढातल्या पवनेच्या पाण्याचा म्हणा, नाहीतर धुतलेल्या म्हशीच्या पाठीचा म्हणा.

इंद्रायणीच्या हातातली काठी थांबली. काही करायचं नाही, काही मागायचं नाही असं म्हणत म्हणत तिनं मनात कुठेतरी छान रंग योजला होता, हे मला तेव्हा कळलं. तिचे डोळे भरून आले.

आणि ठकुबाई खदखदून हसायला लागली. "अगं येडे, रडतीस काय? पोर जगावं म्हणून लोक दगडू, केरू असली नावं ठिवत्यात. तुज्या भिंतीनं त्ये आपल्या अंगावर घेतलं बघ! ह्या रंगाला कोण दिष्ट लावायचं हाय?"

यशोदाबाईला हसू आवरेना. शेवटी इंद्रायणीही पदरानं डोळे पुसत हसली. एकटा रंगराव हसला नाही. त्यानं तो रंग माझ्यात भरून घेतला, कुंचा उचलला आणि आयुष्यातलं सगळ्यात ओंगळ काम सगळ्यात मन लावून केलं.

चौथ्या दिवशी मुलगी झाली. मोठ्यानं रडली, कोपऱ्यात माझा पत्रासुद्धा झणझणला. पाचवी पुजून झाली. नववा दिवस आला, तसाच गेलाही. अकराव्या, बारशाच्या आदल्या दिवशी मात्र इंद्रायणीनं पोरीला मांडीवरून खाली ठेवलं नाही. पोर आपली भिंतीवरच्या हिरव्या कणांकडे तोंड करून टकमक बघत होती.

बाराव्या दिवशी यशोदाबाईच्या घरचा पाळणा आला. बाया जमल्या आणि जी ती इंद्रायणीच्या कानाशी लागली. "धोंडी ठेव." "दगडी ठेव, जपून राहील." ठकुबाईसुद्धा म्हणाली, "दगडी बरं हाय."

इंद्रायणीनं एकदा भिंतीवरून नजर फिरवली. "ओंगळ नाव भिंतीनं घेतलंय, मावशी, तुम्हीच म्हणालात. लेकीला चांगलं ठेवणार," ती म्हणाली. पाळण्यावर वाकून तिनं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाली, "हेमलता."

त्याला आता तीन वर्षं झाली. मी खिडकीत असतो. हेमा माझ्यात चिंचोके भरते, ओतते, पुन्हा भरते. तिला समजा पडसं झालं तर इंद्रायणी अजूनही देवापुढं दिवा लावून बसते. भीती काही सगळी गेलेली नाही. पण परवा एक नवल झालं. रंगराव सवयीनं म्हणाला, "आता तरी ही खोली रंगवू." एरवी ती नको म्हणायची. परवा म्हणाली, "रंगवू. पण आत्ता नाही. पुढं हेमा शाळेत जाईल ना, तेव्हा तिलाच विचारू कोणता रंग हवा."

पुढं! या घरात तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. रंगराव तिच्याकडे बघत राहिला. तिला त्याचा पत्ताही नव्हता; ती पोरीची वेणी घालत होती.

माझं आता वय झालंय. तळाला गंज धरलाय, लवकरच एक भोक पडेल, मग रंग कालवायला माझा उपयोग उरणार नाही. त्याचं दुःख नाही. एवढंच मागणं आहे, की मला मोडीत घालाल तेव्हा घाला, पण तळाचा थर खरवडू नका. आणि कधी तुमच्या दारी एखादी बाई डबा घेऊन उभी राहिली आणि उरलासुरला रंग मागू लागली, तर संपला म्हणू नका. पळीभर वाढा. तेवढा पुरतो.