दसऱ्याची गाठ

रामरावची मोटार दसऱ्यापासून उभ्याउभ्या बोंबलत होती. पाय काढला तरी इंजन खाली बसेना, अन् गिअर टाकला की दावं तोडलेल्या गोऱ्ह्यासारखी पुढं उसळायची. पेट्रोल तर पाण्यासारखं पीत होती. ते नेमकं त्याच साली महागलेलं. रामरावनं अक्कल चालवली ती एवढीच, की ड्रायव्हर कचरू पेट्रोल चोरतो.

"चावी ठेव अन् जाय," तो ओसरीवरून म्हणाला.

कचरूनं चावी ठेवली नाही. "चोर म्हणून न्हाई जाणार, मालक. आधी इंजनाला इचारू द्या. मंग हाकला."

रामरावची आई तुळजाबाई तूर निवडत होत्या. अख्ख्या केदारखेड्यात कचरूइतका बढाईखोर माणूस नाही, हे त्यांचं जुनं मत. पण बढाई मारणारा वेगळा अन् चोर वेगळा.

"इचारू दे की," त्या लेकाला म्हणाल्या. "तुला तर ते काई सांगून न्हाई राह्यलं."

कचरूनं बॉनेट उघडलं, इंजन चालू केलं, अन् तुळजाबाईंकडून पाण्याचा तांब्या मागून चाकावरच्या पत्र्यावर ठेवला. पाणी उड्या मारायला लागलं. त्यानं पेट्रोलचं पायडल बोटानं वर ओढून पाहिलं, ते वरच होतं. चोक पाहिला, तोही बराबर. मग कारबोरेटरचा स्क्रू सैल केला. आणखी केला. आवाज तसाच.

"पाहा माय," तो म्हणाला, "पायडल सोडलं की एक पट्टी मागं येऊन ह्या स्क्रूवर टेकते, तव्हा इंजन शांत व्हतं. स्क्रू ढिला केला तरी आवाज उतरंना. म्हंजे पट्टी टेकतच न्हाई. तिला कुणीतरी धरून ठेवलंय."

इंजन बंद करून त्यानं आत हात घातला, अन् थांबला. तुळजाबाई जवळ आल्या. पट्टीला पूजेचा लाल दोरा करकचून बांधलेला, तेलाधुळीनं लाकडासारखा कडक झालेला. दसऱ्याला बैलांच्या शिंगाला दोरे बांधून झाल्यावर रामरावनंच आत हात घातल्ता. म्हणे, मोटारीच्या जिवालाही एक पाहिजे.

एरवी एवढ्यावर कचरूनं बढाया मारत गाव गोळा केलं असतं. त्यानं दोरा कापलासुद्धा नाही. नखानं गाठ सोडवली, दोरा कपाळाला लावला अन् खिशात टाकला. मग इंजन चालू करून स्क्रू हळूहळू पिळला. रवंथ करणाऱ्या म्हशीसारखं इंजन बसलं. तांब्यातलं पाणी नुसतं थरथरत राहिलं.

"काय व्हतं रे?" रामरावनं विचारलं.

"काई न्हाई, मालक. पट्टी अडकल्ती."

तुळजाबाईंना हे पटलं नाही. "दोरा व्हता, रामराव. दसऱ्याला तूच बांधल्ता. गाठ पक्की मारतोस बाबा, जागा तेवढी पाहून मारत जाय."

रामराव उपरण्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "उद्या हसनाबादला जायचंय. येशील ना, कचरू?"

"चोराला बोलावता का ड्रायव्हरला?"

"ड्रायव्हरला."

तुळजाबाईंनी पत्र्यावरचा तांब्या उचलून कचरूच्या हातात दिला. "घे, पी. अन् आता मार बढाई. आज मी ऐकते."