जरा हसून सांग

मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय करणारी मोठी कंपनी होती ती. वाटेत अडकलेल्या पैशांपायी लोकांच्या शिव्या खायच्या, हे काम तक्रार विभागाचं. तिथे फोन घेणाऱ्या एकीचा आवाज इतका गोड, की भडकलेला माणूस शेवटी तिलाच "जेवलात का?" विचारायचा. तिचं नावच पडलं होतं साखरताई. साखर दिसली की मुंग्या लागणारच. कंपनीची जाहिरातीची फिल्म निघाली तेव्हा ऑफिसातलं 'कल्चर' म्हणजे वातावरण सांभाळणाऱ्या बाईंनी पहिली तिलाच बोलावली.

फिल्मचा विषय होता, 'आम्ही एक कुटुंब'. जिथे उठता-बसता कुटुंब कुटुंब म्हणावं लागतं, तिथे कुठेतरी पाणी मुरतंय हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण साखरताईने होकार दिला. टीम लीडची जागा रिकामी होती आणि विभागाच्या साहेबांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, "फिल्म झकास होऊ दे, पुढचं मी बघतो." ती जागा तिला हवी होती. वडिलांच्या हृदयाच्या ऑपरेशनात घरातली शिल्लक धुऊन निघाली होती.

काचेच्या खोलीत झगझगीत दिवे लावले होते. बाहेर पुढची मंडळी केस सारखे करत उभी. बाईंनी तिच्या हातात बोलायचं वाक्य दिलं. 'वडिलांच्या ऑपरेशनच्या दिवशी कंपनी माझ्या पाठीशी उभी राहिली.'

तिने ते पुन्हा वाचलं. त्या दिवशी तिने फक्त अर्धा दिवस मागितला होता. साहेब म्हणाले होते, सिस्टिम बसलीय, आज कुणी जागचं हलायचं नाही. मागाहून घरी फळांची टोपली आली, वर कंपनीचं नाव छापलेली टोपी. वडिलांनी सफरचंदं ठेवून घेतली आणि टोपी परत न्यायला सांगितली.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच गं," बाई कौतुकाने म्हणाल्या. "भिडतं की नाही मनाला?"

भिडलं तर खरंच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कॅमेरा सुरू झाला. ती बोलू लागली, "आत नेताना वडिलांनी दोनदा विचारलं, ती आली का? मी इथे होते, कानाला हेडसेट लावून. कुणाच्या तरी वीजबिलाचे पैसे अडकले होते, त्यांना सॉरी म्हणत होते. तिकडे आईने एकटीने सह्या केल्या."

"थांब, थांब!" बाई गडबडल्या. "इतकं गंभीर कशाला? जरा हसून सांग ना."

"हसून सांगते." आणि तिने तेच सगळं, शब्द न गाळता, फोनवरच्या गोड आवाजात हसत हसत सांगितलं. कॅमेरावाल्याने मान खाली घातली. दार उघडंच होतं. बाहेरची मंडळी दाराशी गोळा झाली.

साहेब तरातरा आत आले. "अगं, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतेयस!"

जागा गेली, हे तिला कळलं. तरी त्या दिवशी गिळलेला राग आज बाहेर पडला होता, आणि तो परत गिळायची तिची तयारी नव्हती.

"पाय माझा आहे, साहेब." कॉलरचा माइक काढून तिने त्यांच्या हातात दिला. "उद्या वडिलांना तपासणीला न्यायचंय. मी येणार नाही."

"अर्ज टाक, मग बघू."

"मी विचारत नाहीये, साहेब. सांगतेय."