मागच्या खोलीत शिरलेला ट्रक

सकाळी साडेनऊला गाद्यांनी भरलेला ट्रक उतारावरून आला, वळणावर वळायचं विसरला आणि तळमजल्याच्या मागच्या खोलीत न विचारता शिरला. घरात तेव्हा नेहमीचंच चाललं होतं. सासरे कालचं वर्तमानपत्र आज वाचत होते, सासूबाई भाजी निवडता निवडता सुनेच्या चुका काढत होत्या, आणि लग्नाला जेमतेम वर्ष झालेली सून चहा गाळत होती.

माणूस एकही दगावला नाही. ड्रायव्हरला खरचटलं. त्यानं सगळ्यांची माफी मागितली, भिंतीचीसुद्धा. गल्ली म्हणाली, "नशीब, त्या खोलीत कुणी राहत नाही."

राहत होतं.

तिथे सुनेची मोठी जाऊ राहत होती. अकरा वर्षांपूर्वी थोरला मुलगा लग्नानंतर चौथ्या महिन्यात तापानं गेला आणि खापर हिच्या पायगुणावर फुटलं. पुढे थोरल्या नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते. सासूबाई म्हणाल्या, "ते जाईपर्यंत आत बस." पाहुणे गेले, नणंदेचं लग्न झालं, तिला दोन मुलं झाली, पण 'बाहेर ये' म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मग लक्षात न येणं हीच घरची शिस्त झाली. गल्लीत सांगितलं, ती माहेरी गेली. माहेरी सांगितलं, तिला कुणाला भेटायचं नाही. दोन्हीकडे पटलं, कारण न पटवून घेण्यात कष्ट होते.

सून धावत आत गेली. ट्रकचं नाक अर्ध्या खोलीत होतं, एक दिवा अजून चालू होता. टपावरून एक गादी आत घसरली होती आणि जाऊबाई तिच्यावर बसल्या होत्या. अकरा वर्षं त्या चटईवर झोपल्या होत्या.

"मऊ आहे गं," त्या कुजबुजल्या. मग दचकून म्हणाल्या, "परत द्यावी लागेल ना?"

"आधी बाहेर चला, जाऊबाई."

"बाहेर माणसं आहेत."

तेवढ्यात सासूबाई आल्या, हातात चादर घेऊन. भिंत आणि ट्रक यांच्यामधल्या भगदाडावर त्यांनी ती अशी नीटनेटकी टांगली, की जणू ट्रक घरचाच होता आणि फक्त पडदा तेवढा लावायचा राहिला होता.

"कुणाला दिसता कामा नये," त्या म्हणाल्या. "धाकट्या लेकीची सोयरीक आत्ता कुठे जमलीय. त्या लोकांना सांगितलंय, थोरली सून नाही म्हणून."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे गेली म्हणून. आता मेलेलं माणूस दाखवायचं का पाहुण्यांना?"

दुपारी नगरपालिकेचा इंजिनिअर आला. त्यानं खांबावर पेन्सिल ठोकली. दर ठोक्याला वरून पोपडा पडला.

"भिंत आता ट्रकच्याच आधारावर उभी आहे," तो म्हणाला. "तीन वाजता क्रेन त्याला ओढेल. मग ही खोली राहील असं मी लिहून देणार नाही. घरात माणसं किती?"

"पाच," सासरे म्हणाले. बिलकूल अडखळले नाहीत.

पावणेतीनला सगळ्यांना रस्त्यावर काढलं. सुनेचा नवरा औषधाच्या दुकानातून सुट्टी काढून आला होता. तिनं त्याला बाजूला घेतलं. "जाऊबाई कुठेत?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "कपाटाच्या आडोशाला बसवलीय. सागवानी कपाट आहे, काही होत नाही. गर्दी पांगली की बघू."

"आई म्हणतेय ना," नवरा म्हणाला.

क्रेनची साखळी ताणली. ट्रक कण्हला. खिडकीपासून वरच्या मजल्याकडे एक तडा निघाला, सावकाश, मुंग्यांच्या रांगेसारखा. वाऱ्यानं चादर फडफडली आणि आतून एका हातानं तिची कड पकडून ती घट्ट ओढून धरली. कुणाला दिसू नये म्हणून जाऊबाई स्वतःच पडदा सांभाळत होत्या.

"थांबा!" सून ओरडली. "आत बाई आहे! माझी मोठी जाऊ आहे!"

क्रेन थांबली. इंजिनिअरनं कागद पाहिला. "पाच म्हणालात ना?"

"धक्का बसलाय हिला," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "सकाळपासून काहीबाही बरळतेय."

नवऱ्यानं तिचं मनगट धरलं. "तमाशा करू नकोस. लग्न मोडेल धाकटीचं."

"मोडू दे. बाईच्या अंगावर भिंत घालून होणारं लग्न मोडलेलंच बरं." तिनं हात हिसडला आणि साखळीखालून वाकून ती आत गेली.

परतली तेव्हा जाऊबाई तिच्या दंडाला धरून होत्या. उन्हानं त्यांचे डोळे मिटले होते.  सुनेनं गल्लीतला एकेक चेहरा पाहिला. एकाही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"खोकला यायचा ऐकू," समोरचा शिंपी शेवटी म्हणाला. "आम्ही म्हटलं, पाइप असेल."

"पाइप अकरा वर्षं खोकतो?" इंजिनिअरनं विचारलं.

शिंप्यानं विचार केला. "जुना आहे."

साखळी पुन्हा ताणली. ट्रक निघाला आणि त्याच्यामागोमाग भिंत, छत आणि सागवानी कपाट असं सगळं एकदमच खाली आलं. धुळीत सासरे खोकत राहिले. सासूबाई चादर शोधत होत्या.

सून मान खाली घालून उभी होती. वर्षभर ताट आत सरकवणारा हात तिचाच होता आणि ताट सरकवून कडी लावणाराही. मग तिनं मान वर केली.

"साहेब, आमच्या दोघींची सोय जिथे कराल तिथे एकत्र करा. या घरात आम्ही परत जाणार नाही. आणि या माहेरी नव्हत्या, आतच होत्या, हेही लिहा. खाली सही मी करते."

इंजिनिअरनं लिहिलं. तिनं सही केली. मग कागद उलटून तो शेजारच्या इमारतीकडे निघाला. भिंत सामाईक, तिथेही खात्री करायला हवी होती. दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते.

"घरात माणसं किती?"

साधा प्रश्न होता. म्हाताऱ्यानं एकदा मागे वळून आत पाहिलं, आणि मग बोटं मोजायला लागला.