आईच्या मुठीचा नवस

मी चांदीचे अवयव करते. कान, ओठ, गुडघे. देवाला नवसाला वाहतात ना, तसलेच, पण गळ्यात घालायचे. बंगळुरूच्या प्रदर्शनात लोक त्याला कला म्हणतात. इथे हूटगळ्ळीत शेजारी काय म्हणतात, त्याकडे मी कानाडोळा करते.

आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिचा उजवा हात मिटला तो मिटलाच. तेव्हापासून तिची अंघोळ, जेवण, औषधं सगळं माझ्यावर. मी दमलेय. बोलून दाखवलं की लोक तोंडं वाकडी करतात, म्हणून बोलत नाही.

हात उघडावा म्हणून आईनं बेट्टदपुरच्या डोंगरावरच्या मल्लिकार्जुनाला चांदीचा हात बोलला होता. नवा करायचं माझ्या अंगात त्राण नव्हतं. प्रदर्शनासाठी केलेल्यातलाच एक मी तिच्यापुढे ठेवला. उघडा तळवा, लांबसडक बोटं.

"हे बेडा, कमल. नको हे," ती म्हणाली. "माझा हात असा आहे का?"

"नवसाचे हात असेच असतात, आई."

"जे दुखतंय तेच दाखवायचं. डॉक्टरला बरा हात दाखवून औषध मागतात का? सुम्ने, उगाच देवाला फसवू नकोस."

माझं डोकं फिरलं. "मग तूच कर की!" म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. आईनं पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिची मूठ मांडीवर घेऊन मोबाइलवर फोटो काढला. नखं तळव्यात रुतू नयेत म्हणून मी नेहमी माझा डावा अंगठा तिच्या मुठीत घालून बसते. फोटोतही तो आलाच. मेणात मूठ कोरताना मी तो गाळला. वाकडी बोटं, सुजलेले सांधे, सगळं जसंच्या तसं उतरवलं आणि त्यावरून चांदी ओतण्याआधी आईला दाखवलं.

डाव्या हातात घेऊन ती बराच वेळ मेणाची मूठ न्याहाळत राहिली.

"तुझा अंगठा कुठं गेला गं?"

"नवस तुझ्या हाताचा आहे ना, आई."

"असू दे की. माझ्या हातात अडकून तोही दमलाय. देवाला दोन्ही दिसू देत."

मी तिथंच बसून पोटभर रडले. मग थोडं मेण पुन्हा तापत ठेवलं आणि अंगठा जोडला. नखाशेजारी भाजल्याचा जुना डाग आहे, तोही गाळला नाही.