फळीच्या पाठीवरचे ठसे

डोंगरात मागचा टायर फुटला तसा दोरिनने घाईघाईत जीपच्या दाराखालच्या पत्र्यालाच जॅक लावला. पत्रा कुरकुरला. कुंपणापलीकडच्या घरातली वेतामावशी कडाडली, "अरे शहाण्या, गाडी उचलतोयस की चेपतोयस? काढ तो आधी!"

सत्तरीची मावशी तरातरा आली. तिने पुढच्या चाकांना दगड लावले, मागच्या चाकाचे नट चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच सैल करून घेतले. मग जॅक चिखलात रुतू नये म्हणून घरातून चक्क मामालिगा ओतायची जाड लाकडी फळी आणली. मक्याच्या पिठाचा तो वाफाळता गोळा रोज जिच्यावर पालथा पडतो, तीच फळी.

"मावशी, जेवणाची फळी कशाला?"

"पालथी घातलीय ना? चिखल धुतला की जातो, जॅकचा ठसा जात नाही. आता जॅक एक्सलखाली लाव आणि गप बस."

चाक अलगद उचललं गेलं. दोरिन खाली वाकणार, तोच मावशीने त्याची कॉलर धरली. "आधी स्टेपनी चेसिसखाली सरकव. जॅक घसरला तर गाडी तिच्यावर बसू दे, तुझ्या टाळक्यावर नको."

एवढी सफाई दोरिनने शहरातल्या गॅरेजातही पाहिली नव्हती. काम झाल्यावर तो फळी धुवायला बसला. तिच्या पाठीवर जॅकच्या बुडाचे कितीतरी जुने ठसे होते.

"एवढ्या गाड्या उचलल्यात तुम्ही?"

"त्यातला पहिला ठसा माझ्या नवऱ्याच्या जीपचा," मावशी म्हणाली. "त्या दिवशी खाली स्टेपनी नव्हती. चल, हात धू, पातेल्यात मामालिगा निवतेय."